तीन दिवसांचे शिबिर आणि नंतरचे घर

घरात कुणी गेले की लहान मुलांना शेजाऱ्यांकडे पाठवायचे, हा आपला रिवाज. दिवसकार्य उरकते, तोवर मुलगा शाळेत जाऊ लागलेला असतो. वडील गेलेल्या थोरल्याला ‘आता तूच घरातला कर्ता’ म्हणून बजावले जाते, धाकट्याची ‘बाबा देवाघरी गेले’ एवढ्यावर समजूत काढली जाते. त्यात माया असतेच. पण मुलाच्या मनातले प्रश्न विचारायचे राहून जातात.

ते प्रश्न विचारायला जागा मिळावी, म्हणून अमेरिकेत स्वयंसेवकांच्या बळावर शिबिरे चालतात. लिन ह्यूज यांची आई त्या नऊ वर्षांच्या असताना गेली, बाराव्या वर्षी वडील गेले. 1998 मध्ये त्यांनी व्हर्जिनियात ‘कम्फर्ट झोन कॅम्प’ सुरू केला. मुलांकडून पैसे घेत नाहीत. प्रत्येक मुलासोबत प्रशिक्षण घेतलेला एक प्रौढ स्वयंसेवक असतो. शनिवार-रविवारला जोडून खेळ आणि भटकंती होते, आणि समुपदेशकांसोबत छोट्या गटांत गेलेल्या माणसाविषयी बोलणे होते. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांत आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठीही या संस्थेने शिबिरे घेतली.

अशा उपक्रमाला पैसा आणि वेळ द्यावा का? देण्याच्या बाजूने भक्कम कारण आहे. वर्गात वडील नसलेले आपण एकटेच, असे वाटणाऱ्या मुलाला इथे तशीच दहा मुले भेटतात. त्याला कुणी ‘बिचारा’ म्हणत नाही, आणि तो हसला तरी कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. पगारी माणसे नेमून प्रत्येक मुलामागे एक मोठा माणूस ठेवणे फार थोड्या संस्थांना परवडेल. ते स्वयंसेवकांमुळेच जमते.

आक्षेपही हलके नाहीत. शोकग्रस्त मुलांसाठीच्या उपक्रमांवरील 13 नियंत्रित अभ्यासांचा एकत्रित आढावा 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट सगळ्या मुलांचा विचार केला तर ठोस फायदा दिसला नाही. वेळेवर मदत मिळाली किंवा ती कुणाला द्यायची हे नीट निवडले, तिथे परिणाम बरे होते. शिवाय तीन दिवसांत जीव लावलेला ताई-दादा चौथ्या दिवशी निघून जातो. आधीच एक माणूस गमावलेल्या मुलासाठी ही साधी गोष्ट नव्हे. आणि स्वयंसेवकाचा हेतू चांगला असला, तरी पार्श्वभूमी न तपासता कुणाच्याही हाती मूल सोपवता येत नाही.

या वादात अॅरिझोना राज्य विद्यापीठाचा एक कार्यक्रम वाट दाखवतो. तिथे मुलांबरोबरच मागे राहिलेल्या पालकाचीही सत्रे घेतली: मुलाशी कसे बोलावे, घराची घडी पुन्हा कशी बसवावी. त्याचा लाभ सहा वर्षांनी, पुढे पंधरा वर्षांनीही दिसला. मुलाचे सावरणे घरच्या माणसाच्या सावरण्याशी जोडलेले आहे, हा त्याचा अर्थ.

महाराष्ट्रासाठी हे दूरचे नाही. कोविडने आणि शेतकरी आत्महत्यांनी आपल्याकडे पितृछत्र हरपलेली असंख्य मुले मागे ठेवली. बालसंगोपन योजनेतून अशा मुलाला दरमहा 2250 रुपये मिळू शकतात. ते आवश्यकच आहेत, पण मुलाशी बोलायचे कुणी, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. दुसरीकडे, कागदपत्रांसाठी खेटे घालणाऱ्या आईला बाजूला ठेवून मुलाला तीन दिवस रमवले, तर चौथ्या दिवशी ते त्याच अबोल घरात परतेल.

म्हणून शिबिरांना पाठिंबा द्यावा, पण अटी घालून. स्वयंसेवकांची पडताळणी आणि प्रशिक्षण व्हावे. ज्या मुलांचे दुःख गंभीर वळणावर आहे, त्यांना ओळखून तज्ज्ञांकडे पाठवण्याची सोय असावी. आई, आजी, मामा, जे कुणी मूल सांभाळते त्यांच्यासाठी वेगळे सत्र असावे, आणि वर्षभर कुणीतरी त्या घराशी संपर्क ठेवावा. या चौथ्या कामाचे फोटो निघत नाहीत, त्यामुळे त्यासाठी देणग्याही सहसा येत नाहीत. देणगीदारांनी आपला पैसा आधी तिथे लावावा. ज्या संस्थेकडे त्याची योजनाच नाही, तिने पुढचे शिबिर थोडे लांबणीवर टाकलेले बरे.