अजाण दया

कंटाळा आला म्हणून पाळलेलें कासव तळ्यांत सोडून देणें, ह्यास पुष्कळ लोक दया समजतात. आमच्या मतें ही दया नव्हे. ती कां नव्हे, हें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डोळ्यांमागें तांबडा पट्टा असलेलें 'रेड-इअर्ड स्लायडर' नांवाचें कासव मूळचें अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतलें. रुपयाएवढें पिल्लूं गोजिरवाणें दिसतें, म्हणून त्याचा व्यापार जगभर पसरला. परंतु तेंच वाढून वीतभर होतें आणि वीस-तीस वर्षें जगतें. मग धन्यास तें नकोसें होतें, व जवळच्या जलाशयांत त्याची रवानगी होते.

तें एकटें मात्र जात नाहीं. त्याच्या तोंडांत वा मूत्राशयांत चिकटून राहणारे चपटे कृमि त्याजबरोबर जातात. ह्यांचीं अंडीं पाण्यांत पडतात आणि त्यांतून निघालेली सूक्ष्म अळी पोहत जाऊन दुसरें कासव गांठते. दक्षिण फ्रान्समध्यें असे परके कृमि मोकळ्या पाण्यांतील देशी कासवांच्या अंगांत शिरल्याचें इ. स. २०१५ मध्यें प्रसिद्ध झालें. त्याच सुमारास वायव्य स्पेनमधील गालिसिया प्रांतीं, कासवांच्या रक्तांत राहणारा दुसरा एक अमेरिकन कृमि तेथील देशी कासवांत आढळला. हा गोगलगाईच्या द्वारें पसरतो. त्याचीं अंडीं रक्तावाटे अवयवांत जाऊन अडकतात व तेथें इजा करितात. जुन्या यजमानाशीं कृमीचा परिचय युगानुयुगांचा असतो; नव्याचा देह त्याच्या बाबतींत अगदींच अननुभवी.

कोणी म्हणेल, "ह्यांत त्या मुक्या प्राण्याचा काय अपराध?" कांहींच नाहीं. अपराध विकणाराचा, घेणाराचा आणि सोडणाराचा आहे. युरोपीय संघानें १९९७ सालीं ह्या कासवाची आयात बंद केली, व २०१६ मध्यें त्याची विक्री, पैदास व मोकळें सोडणें हींही निषिद्ध ठरविलीं. परंतु तोंवर तीं तळ्यातळ्यांत पोहोंचलीं होतीं. कायदा उशिरां आला.

आपल्या देशांतही तीं पाळण्यासाठीं आलीं असून, गुवाहाटींत एका देवालयाच्या तलावांतही आढळलीं आहेत. म्हणून आमचें विद्यार्थिबंधूंस सांगणें इतकेंच कीं, असें पिल्लूं विकत घेऊं नये. घरांत असलेंच तर शेवटपर्यंत सांभाळावें; तें न साधल्यास वनखात्याचा सल्ला घ्यावा, पण नदी-तळ्यांत कदापि सोडूं नये. एका जीवास मोकळें करितांना शंभर जीवांच्या घरांत रोग धाडणें, हें दयेचें काम नव्हे. दयेस ज्ञानाची जोड हवी.