आधी ब्लोअर, मग सायकल



द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर दर आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी तसला व्हिडिओ टाकतंच. फ्रान्समधल्या द्राक्षबागा, मधून पांढरी मुरमाची वाट, त्यावरून हेल्मेटवाले सायकली दामटत चाललेत. खाली लगेच सुरू, "आपल्या दिंडोरी-निफाडला काय कमी आहे? आपण कधी करणार?" परवा एका कृषी पदवीधर पोरानं लिहिलं की ग्रॅव्हल बायकिंग हा द्राक्ष शेतकऱ्याचा पुढचा जोडधंदा. म्हणून हे लांबलचक लिहितोय. त्यातल्या काही वाटा मी पाहिल्यात, त्यावर सायकलही चालवलीय. लेक-जावई डिजॉनला असतात, गेल्या वर्षी खरड छाटणी उरकून मे महिन्यात तिकडं गेलो होतो. माझं मत सरळ आहे. तिथली सायकल आणायच्या आधी तिथला रस्त्याचा हिशोब आणा.

आधी सायकलचं सांगतो, कारण बऱ्याच जणांना ते काहीतरी मोठं यंत्र वाटतं. ग्रॅव्हल बाइक म्हणजे मुरमाची सायकल. हँडल रेसच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर रुंद, साधारण 40 मिलिमीटर, आणि त्यात हवा कमी. खडीवर ती आपटत नाही, पकड धरते. आता घरी अडगळीत बापाची जुनी दुधाच्या किटल्यांची सायकल असेल तर तिचा टायर बघा, 28 बाय दीड. दीड इंच म्हणजे 38 मिलिमीटर! आपले दूधवाले तीस-चाळीस वर्षं ग्रॅव्हल बायकिंगच करत होते, फक्त गिअर नव्हते आणि कुणी व्हिडिओ काढत नव्हतं.

आम्ही गेलो ते बर्गंडीत. बोन गावापासून सांतनेपर्यंत सुमारे 22 किलोमीटरची सायकलवाट आहे, नावच 'द्राक्षवेलींची वाट'. पोमार, व्होल्ने, मर्सो अशी गावं लागतात. ही मुख्य वाट बहुतेक पक्की, डांबर नाहीतर काँक्रीट. मुरूम लागतो तो ती सोडून वर डोंगराकडं चढलं की. चुनखडीचा दगड, पांढरी धूळ, वरच्या बाजूला जंगल आणि खाली बागा. ओळीत मीटर, झाडात मीटर. हेक्टरी दहा हजार वेली, म्हणजे एकरी चार हजार. आपल्या नऊ बाय पाचला एकरी साडेनऊशेच्या आसपास बसतात. इतक्या अरुंद ओळीत आपला ट्रॅक्टर शिरणारच नाही, म्हणून त्यांचा ट्रॅक्टर उंच पायांचा, ओळीच्या दोन्ही अंगाला चाकं टाकून वेलीच्या वरून चालतो. जावई म्हणाले, "मामा, फोटो काढू?" मी म्हटलं सायकलचा नको, ट्रॅक्टरचा काढा.

ती वाट व्हिडिओत शांत दिसते आणि खरंच शांत आहे. पण ती रिकामी नव्हती. तासाभरात आम्हाला पाच-सहा ट्रॅक्टर भेटले, ओळीत शेंडे तारेत घालणारी माणसं भेटली. गाडी-मोटारींची गर्दी तिथं नाही, कारण ती शेतात जायची वाट आहे. सायकलवाला तिथं पाहुणा.

आता रस्ता कुणाचा, हा मुद्दा. फ्रान्सच्या कायद्यात शेतातल्या वाटा दोन प्रकारच्या. एक ग्रामीण वाट, ती गावाच्या मालकीची आणि सगळ्यांना खुली. दुसरी वहिवाटीची वाट, ती लगतच्या शेतमालकांची, एकमेकांच्या रानात जाण्यासाठी. दुसरीवर बाहेरच्याला येऊ द्यायचं की नाही हे मालक ठरवतात. काही वाटांच्या तोंडाला पाटी असते, द्राक्ष उत्पादकांशिवाय कुणाला प्रवेश नाही. सायकलवाले नकाशावर वाट शोधतात, पण नकाशात दोन्ही सारख्याच दिसतात. तिथं जाऊन पाटी वाचावी लागते.

आणि तिथं सगळे देवमाणूस आहेत असंही समजू नका. बांध कोरणारे तिकडंही आहेत. गावाची वाट नांगरात घेतली आणि तीस वर्षं कुणी बोललं नाही, तर ती कोरणाऱ्याच्या नावावर व्हायची सोय कायद्यात होती. 2022 च्या कायद्यानं त्याला आवर घातला. गावानं आपल्या वाटांची मोजदाद करायचा ठराव घेतला की ही तीस वर्षांची मुदत थांबते. हे मला सगळ्यात भावलं. वाटांची यादी करा, एवढंच.

वाटेवरचा माणूस आणि द्राक्षबाग यांचं नातं जुनं आहे, आणि ते आपल्या प्रत्येकाच्या औषधाच्या खोलीत आहे. तिकडं पश्चिमेला बोर्डो भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना मारायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यानं घड तोडू नयेत म्हणून. निळसर पान बघून माणूस हात लावत नसे. 1882 मध्ये मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की बाकी बाग डाऊनीनं गेली, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्या आहेत. 1885 ला त्यानं प्रसिद्ध केलं, तेच आपलं बोर्डो मिश्रण. वाटसरूचा त्रास नसता तर डाऊनीचं औषध सापडायला अजून किती वर्षं लागली असती कोण जाणे.

आजही अडचण तीच, फक्त उलटी. तेव्हा वाटसरूपासून घड वाचवायचे होते, आता औषधापासून वाटसरू वाचवायचाय. मे-जून हा तिकडं सायकलचा हंगाम आणि तोच डाऊनी-भुरीच्या फवारणीचा. एका वळणावर समोर फवारा चालू होता. आम्ही वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबलो, ट्रॅक्टर ओळ संपवून वळला तेव्हा निघालो. पाच मिनिटं गेली असतील. आमच्या मागून आलेला सात-आठ जणांचा घोळका मात्र तसाच धुक्यातून गेला, एकाच्या हातात तर मोबाइल. नियम तिकडं कडक आहेत. वारा ताशी 19 किलोमीटरच्या वर असला तर फवारायचं नाही. फवारल्यावर किमान 6 तास त्या बागेत शिरायचं नाही, काही औषधांना 24, काहींना 48 तास. तांबंसुद्धा सात वर्षांत हेक्टरी 28 किलोच्या वर वापरायचं नाही. पण हे सगळे नियम शेतकऱ्याला. सायकलवाल्यानं काय करायचं ते त्याच्या शहाणपणावर. हे मला पटलं नाही. दोघं एका वाटेवर असतील तर नियम दोघांना पाहिजेत.

कुणी म्हणेल, सायकलवाल्याला अडवणं बरं दिसत नाही. मग हे ऐका. त्याच बर्गंडीत दक्षिणेला जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट आहे. जिव्री ते क्लूनी हा तिचा 44 किलोमीटरचा टप्पा 1997 ला सुरू झाला, फ्रान्समधली ही अशी पहिली वाट. क्लूनीच्या पुढं त्याच मार्गावर दीड किलोमीटरहून लांब बोगदा आहे. तो हिवाळ्यात बंद ठेवतात, कारण आत वटवाघळं झोपलेली असतात. सायकलवाला गुपचूप वरच्या रस्त्यानं चढून जातो. वटवाघळासाठी बोगदा काही महिने बंद राहतो, तर ब्लोअरसाठी वाट दोन तास बंद ठेवायला काय हरकत आहे?

शर्यतीचं वेगळं. पॅरिस-तूर ही जुनी शर्यत 2018 पासून शेवटाकडं द्राक्षबागांतल्या कच्च्या वाटांवरून नेतात. 2024 च्या टूर दे फ्रान्सचा नववा टप्पा, 7 जुलैचा, शँपेन भागात त्र्वा शहरातून निघून तिथंच संपला, त्यात पांढऱ्या खडीचे 14 तुकडे होते, मिळून 32 किलोमीटर. एक दिवस रस्ता बंद, एक दिवस तमाशा, दुसऱ्या दिवशी शेतकरी आपल्या कामाला. ते चालतं. रोजच्या पाहुण्यांची वहिवाट मात्र आधी ठरवून घ्यावी लागते.

पैशाचंही बोलतो. सायकलवाला सहा बाटल्यांचा खोका कुठं ठेवणार? मी पाहिलं त्यात कमावत होते सायकल भाड्यानं देणारे, खोल्यावाले आणि चहा-कॉफीवाले. ज्याचं स्वतःचं तळघर आणि विक्री आहे त्याला फायदा होतो, मागून मालाची ऑर्डर येते. आपल्यातले बहुतेक जण खायची द्राक्षं पिकवतात, माल व्यापाऱ्याला नाहीतर निर्यातीला. सायकलवाल्यानं बाग बघितली म्हणून किलोमागं रुपया वाढणार नाही. तेव्हा जोडधंदा हा शब्द जरा जपून.

आता आपल्याकडं. सायकल चालवायला चांगले दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारी. फळछाटणीनंतर आपली सगळ्यात जास्त फवारणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जानेवारीपासून काढणी. नाशिकचे सायकलवाले पहाटे निघतात, आपला ब्लोअरही पहाटेच सुरू होतो, वारा पडलेला असतो म्हणून. म्हणजे टक्कर ठरलेली. त्यात आपली वाटच जागेवर नाही. आमच्या शिवेवरची पाणंद गाव नकाशात आहे, रानात निम्मी. तहसीलदाराकडं मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 आहे, जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे, पण दोन्हीत शेतकऱ्यानं एकेकट्यानं दाद मागायची आणि भावकीशी वैर घ्यायचं. द्राक्षाचा क्रेट डोक्यावरून दोनशे फूट बाहेर आणावा लागतो तिथं कसलं ग्रॅव्हल बायकिंग?

मी सायकलच्या विरोधात नाही. येऊ द्या. पण क्रम असा पाहिजे. ग्रामपंचायतीनं ठराव करून शिवारातल्या सगळ्या पाणंदी मोजून यादी लावावी, कोणती सगळ्यांची आणि कोणती फक्त वहिवाटीची हे लिहून. मग मुरूम. मग पाटी. आणि फवारणी चालू असेल तेव्हा ओळीच्या टोकाला काठीवर लाल फडकं. ते दिसलं की सायकल थांबणार, गडी असो की साहेब. फडक्याला खर्च नाही, मी या ऑक्टोबरला लावणार आहे. यादीचा विषय येत्या ग्रामसभेत मांडतोय, ज्यांची रानं आत आहेत त्यांनी त्या दिवशी शेतात न जाता सभेला यावं.

कृषी विभागातले आणि विद्यापीठातले साहेब हे पान वाचतात, त्यांना एक विनंती. आपण द्राक्षाला वापरतो त्या औषधांच्या फवारणीनंतर बागेत कधी शिरायचं, त्याचे तास मराठीत एका पानावर कुणाकडं असतील तर खाली टाका. पाटीवर तेच लिहायचंय.