पट्टा, पहाणी, 'नाला': शब्द ओळखीचे, अर्थ मात्र पलीकडच्या राज्याचा

हैदराबादच्या आबिड्स भागात नामपल्ली स्टेशन रोडवर तेलंगणाच्या भूमी प्रशासन मुख्य आयुक्तांचे, म्हणजे सीसीएलएचे कार्यालय आहे. राज्याच्या महसूल नोंदींचा कारभार इथून चालतो. या रस्त्यावर जमिनीच्या कामासाठी फिरणाऱ्यांच्या तोंडी जे शब्द असतात, ते नांदेड-लातूरच्या माणसाला परके वाटत नाहीत. पट्टा, पहाणी, गुंठा, सर्व्हे नंबर, इनाम, गायरान. भाषा तेलुगू किंवा दखनी असली तरी जमिनीचे शब्द आपलेच.

अडचण नेमकी इथेच आहे. शब्द आपले वाटतात म्हणून त्यांचा अर्थही आपलाच असणार असे माणूस धरून चालतो. देगलूर, उदगीर, बिदर, आदिलाबाद भागातली अनेक मुले आज हैदराबादेत नोकरीला आहेत. त्यांच्यासाठी शादनगर, संगारेड्डी, जहीराबादच्या बाजूला एखादा प्लॉट घेऊन ठेवावा, असा विचार घराघरात होतो. त्यासाठी गावाकडचे रान विकले जाते, निवृत्तीचा पैसा घातला जातो. आणि व्यवहार ठरतो तो तीन-चार शब्दांवर: पट्टा आहे, नाला झाला आहे, एलआरएस भरलेले आहे, रजिस्ट्री होते.

हे चारही शब्द खरे असू शकतात आणि तरीही त्या प्लॉटवर घर बांधायला परवानगी मिळणार नाही, असे होऊ शकते.

एक कायदा, तीन वाटा

शब्द सारखे असण्याचे कारण इतिहासात आहे. निजामाच्या राज्यात १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ च्या सुमाराचा जमीन महसूल कायदा मराठवाडा, तेलंगणा आणि बिदर-गुलबर्गा या सगळ्या भागांना एकच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातून आणि किनवट, राजुरा आदिलाबादेतून मराठी मुलखात आले. पुढे महाराष्ट्राने १९६६ ची जमीन महसूल संहिता आणली, कर्नाटकाने आपला वेगळा कायदा केला. तेलंगणात मात्र १३१७ फसलीचा कायदा अजूनही कायम आहे, आणि त्यावर नव्या कायद्यांचे थर चढले आहेत. २०२० मध्ये धरणी पोर्टल आले. १४ एप्रिल २०२५ पासून त्याच्या जागी भू भारती आले.

मूळ एकच असले तरी साठ-सत्तर वर्षांत शब्दांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

'पट्टा' घ्या. महाराष्ट्रात पट्टा म्हटले की भाडेपट्टा, वनपट्टा किंवा भूमिहीनाला सरकारने दिलेली जमीन डोळ्यांसमोर येते, म्हणजे पूर्ण मालकीपेक्षा काहीतरी कमी. तेलंगणात 'पट्टा जमीन' म्हणजे खासगी मालकीची जमीन आणि पट्टादार म्हणजे मालक. 'पहाणी'चेही तसेच. आपल्याकडे पाहणी म्हणजे पिकाची पाहणी. तेलंगणात आणि बिदरकडे पहाणी म्हणजे थेट सातबाऱ्यासारखा उतारा. 'खाते' म्हटले की आपल्याला आठ-अ आठवतो. कर्नाटकात 'खाता' ही नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीची मिळकतीची नोंद असते, आणि 'बी खाता' म्हटले की त्या मिळकतीच्या मंजुरीत काहीतरी उणे आहे असे समजावे.

सर्वात महाग पडू शकतो तो 'असाइन्ड' हा शब्द. मराठवाड्यातला माणूस त्याचा अर्थ 'वर्ग २' असा लावतो. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेऊन, नजराणा भरून विकता येते, हे त्याला माहीत असते. तेलंगणात मात्र भूमिहीनांना दिलेल्या असाइन्ड जमिनीच्या हस्तांतरणाला १९७७ च्या कायद्याने बंदी आहे. 'नजराणा भरू, मग होईल' हा हिशेब तिथे लागू पडत नाही. जुन्या 'लावणी पट्ट्या'च्या जमिनींवरही हाच प्रश्न उभा राहतो. तेव्हा नुसते 'पट्टा आहे' ऐकून भागत नाही, कुठला पट्टा हे विचारावे लागते.

तीन प्रश्न, तीन कागद

जमिनीच्या नियमांतले सगळे शब्द शेवटी तीन प्रश्नांची उत्तरे देतात. जमीन कोणाची? ती कशासाठी वापरता येते? तिचे तुकडे कायदेशीर पाडले आहेत का? पट्टा आणि पहाणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात, एनए किंवा नाला दुसऱ्याचे, आणि मंजूर रेखांकन, गुंठेवारी, एलआरएस हे तिसऱ्याचे. एका प्रश्नाचे उत्तर 'हो' आले म्हणजे बाकी दोन्ही सुटले असे होत नाही. फसवणूक होते ती बहुतेक याच जागी.

'नाला' हा शब्द पहिल्यांदा ऐकणारा मराठी माणूस ओढा-नाला समजून दचकतो. इथला 'नाला' म्हणजे शेतजमिनीचा बिगरशेती वापर, इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव. त्याचा कायदा २००६ चा आहे. म्हणजे आपले एनए. पण आपल्याकडे 'एनए प्लॉट' म्हटले की मंजूर रेखांकन, रस्ते, ओपन स्पेस हे सगळे त्यात आले, असे बोलताना गृहीत धरले जाते. नाला झाल्याने फक्त जमिनीचा वापर बदलतो. त्या एकरात पाडलेले प्लॉट मंजूर आहेत, असा त्याचा अर्थ नाही. मंजुरी द्यायची ती एचएमडीएने, किंवा त्या हद्दीबाहेर नगररचना खात्याने, म्हणजे डीटीसीपीने.

मंजुरीतही दोन पायऱ्या आहेत. आधी तात्पुरता लेआउट मंजूर होतो. त्यावेळी विकासकाला काही प्लॉट प्राधिकरणाकडे गहाण ठेवावे लागतात. रस्ते, गटार, पाणी, वीज ही कामे पूर्ण झाली की अंतिम मंजुरी मिळते आणि गहाण सुटते. जाहिरातीत मात्र दोन्ही पायऱ्यांना एकच शब्द असतो: 'अप्रूव्ह्ड'. आपला प्लॉट गहाणातल्या नंबरांत आहे का, हे नकाशा मागितल्याशिवाय कळत नाही.

जाहिरातीतला आणखी एक शब्द 'जीपी लेआउट'. सरपंचाचा शिक्का असलेला नकाशा दाखवून हे प्लॉट वर्षानुवर्षे विकले गेले. असा नकाशा म्हणजे सक्षम प्राधिकरणाची मंजुरी नव्हे. आपल्याकडेही ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला मालकीचा कागद समजणारे कमी नाहीत. तो कर आकारणीचा कागद आहे.

'एलआरएस भरले' म्हणजे काय भरले?

मंजुरीविना पडलेले प्लॉट नियमित करण्यासाठी तेलंगणा सरकारने ३१ ऑगस्ट २०२० ला एलआरएस योजना काढली. २६ ऑगस्ट २०२० पूर्वीचे व्यवहार त्यात धरले गेले. एका प्लॉटसाठी अर्जाचे शुल्क होते १,००० रुपये. राज्यभरातून सुमारे २५ लाख अर्ज आले. पुढे कित्येक वर्षे बहुतेक अर्ज पडूनच राहिले. २०२५ च्या सुरुवातीला सरकारने शुल्कात २५ टक्के सवलत देऊन प्रक्रिया पुन्हा हलवली.

त्यामुळे 'एलआरएस भरलेले आहे' या वाक्याचे दोन अर्थ होतात. कोणाकडे नियमितीकरणाचा आदेश हातात असतो, तर कोणाकडे फक्त हजार रुपयांची पावती. दोघेही सांगताना तेच सांगतात. खऱ्या शुल्कात नियमितीकरणाची रक्कम आणि मोकळ्या जागेपोटी प्लॉटच्या किमतीच्या १४ टक्के रक्कम येते. प्लॉट २० लाखांचा धरला तर हा नुसता मोकळ्या जागेचा भागच २ लाख ८० हजार होतो. पावतीवर प्लॉट घेतला तर हा बोजा कोणावर पडणार, हे व्यवहारात लिहून घेतलेले नसते.

मराठवाड्यातला माणूस एलआरएसला 'म्हणजे आपली गुंठेवारी' असे म्हणतो. जवळचे आहे, पण तेच नाही. महाराष्ट्राचा गुंठेवारी कायदा २००१ चा. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. तो प्लॉटबरोबर त्यावरच्या बांधकामाचाही विचार करतो. एलआरएस फक्त मोकळ्या प्लॉटचा विचार करते. तिथल्या बेकायदा इमारतीचा प्रश्न वेगळ्या योजनेचा. आणि दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: नियमितीकरणाने मालकी सिद्ध होत नाही. मूळ सर्व्हे नंबरवर वाद असेल, तर एलआरएसचा आदेश तो वाद मिटवत नाही.

फार्म प्लॉटचे आकर्षण

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला शेतकरी असावे लागते आणि तुकडेबंदीही आडवी येते. बहुतेक जिल्ह्यांत २०२३ पासून बागायतीसाठी १० गुंठे आणि जिरायतीसाठी २० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. तेलंगणात शेतकरी असण्याची अट नाही. त्यामुळे पुण्या-नांदेडच्या नोकरदारालाही तिथे 'फार्म प्लॉट' सहज देऊ केला जातो.

इथे मापाचाही गोंधळ आहे. तिकडे प्लॉट गजावर विकतात. एक गज म्हणजे एक चौरस यार्ड, ९ चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १२१ गज, १,०८९ चौरस फूट. एकर म्हणजे ४० गुंठे, ४,८४० गज. '६०५ गजांचा फार्म प्लॉट' ऐकायला ऐसपैस वाटतो, पण तो आहे पाच गुंठे शेत. घराचा प्लॉट नव्हे. तेलंगणात शेतजमिनीची नोंदणी २०२० पासून तहसीलदाराकडेच होते आणि पट्टादार पासबुक हातात पडते. पासबुक मिळाले म्हणून समाधान होते, पण ते शेताचे पासबुक आहे. रस्ता, गटार, बांधकाम परवाना यांतले काहीच त्यातून मिळत नाही. नकाशावर दाखवलेला ३० फुटी रस्ता उद्या कोणाच्या नावावर निघेल, तेही सांगता येत नाही.

पाण्याखालचा पट्टा

मालकी खरी, पण बांधकाम अशक्य, असाही प्रकार आहे. 'शिखम' म्हणजे तलावाच्या बुडातली जमीन. काही ठिकाणी तीही खासगी पट्ट्याची असते. पाणी ओसरले की पीक घ्यावे, इतकाच तिचा उपयोग. तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथपर्यंत येते ती रेषा म्हणजे एफटीएल, आणि त्याबाहेरची संरक्षित पट्टी म्हणजे बफर. १० हेक्टर आणि त्याहून मोठ्या तलावांना हा बफर ३० मीटरचा आहे. आपल्याकडे 'बुडीत क्षेत्र' म्हटले की धरणग्रस्त शेतकरी लगेच सावध होतो. 'एफटीएल' ऐकून तो तसा सावध होत नाही. जुलै २०२४ मध्ये स्थापन झालेल्या हायड्राने तलावांतली बांधकामे पाडायला सुरुवात केली, तेव्हा हा शब्द घरोघरी पोहोचला. तोवर अनेकांची घरे बांधून झाली होती.

खात्री कशी करायची?

कुंपणापलीकडच्या राज्यात प्लॉट घेताना शब्द ऐकून मान डोलावण्याऐवजी कागद मागणे हाच उपाय. लेआउट मंजुरीचा क्रमांक आणि ती तात्पुरती की अंतिम. एलआरएसचा आदेश, पावती नव्हे. सर्व्हे नंबर निषिद्ध यादीत, म्हणजे '२२-ए'त आहे का. तलावाच्या नकाशात तो कुठे येतो. आणि विक्रीपत्र की नुसता करार आणि मुखत्यारपत्र. मुखत्यारपत्रावरच्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. कागद तेलुगूत असतील तर एजंटाने सांगितलेल्या अर्थावर विसंबू नये. स्वतंत्र वकिलाकडून ते वाचून घ्यावेत. त्याची फी प्लॉटच्या किमतीपुढे किरकोळ आहे.

सरकारांनाही यात करण्यासारखे आहे. तिन्ही राज्यांच्या नोंदी आता ऑनलाइन आहेत, पण शेजारच्या राज्यातल्या खरेदीदाराला शब्दाचा अर्थ सांगणारे एक पानही कुठे सहज सापडत नाही. सीमेवरच्या नोंदणी कार्यालयांत मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषांत वीस-पंचवीस शब्दांचा तक्ता लावायला फार खर्च येत नाही. १९५६ मध्ये जिल्हे वाटले गेले, तालुके वाटले गेले. शब्द मात्र तिघांकडेही राहिले, आणि प्रत्येकाने त्यांचा अर्थ आपापल्या कायद्याप्रमाणे बदलला. त्या बदलाची किंमत आजवर खरेदीदार एकटाच मोजत आला आहे.