रोसिनीची पंगत

मराठी समीक्षेत ‘प्रासंगिक’ हा शब्द बहुधा दूषण म्हणूनच येतो. एखादी रचना प्रासंगिक आहे असे म्हटले की तिच्याविषयी पुढे काही बोलण्याची जबाबदारी संपते. बारशाचा पाळणा, डोहाळ्याचे गाणे, लग्नातली मंगलाष्टके, पंगतीत म्हटलेला श्लोक या सगळ्यांची सोय लोकसाहित्यावरील एखाद्या प्रकरणात लावून आपण मोकळे होतो. जिला ठरावीक दिवस आहे, ठरावीक घर आहे आणि ठरावीक माणसे आहेत अशी रचना ‘शुद्ध’ कलेपेक्षा एक पायरी खालची, हा समज आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की तो एक समज आहे हेही ध्यानात येत नाही. त्याचे सर्वांत आनंददायी खंडन आम्हांला एका इटालियन संगीतकाराच्या पॅरिसमधील जेवणघरात सापडते.

जोआकिनो रोसिनी (१७९२–१८६८) हे नाव आपल्याकडे फारसे परिचित नाही. ज्यांना आहे त्यांना ते ‘सेव्हिलचा न्हावी’ या ऑपेरामुळे आहे. सदतिसाव्या वर्षापर्यंत त्याचे ३९ ऑपेरा लिहून झाले होते. १८२९ साली ‘विल्यम टेल’ पॅरिसच्या रंगमंचावर आला आणि त्यानंतर त्याने एकही ऑपेरा लिहिला नाही. पुढे तो आणखी एकोणचाळीस वर्षे जगला. या मौनाची कारणे शोधताना चरित्रकारांनी पुष्कळ शाई खर्ची घातली आहे: आळस, सुबत्ता, बदललेली अभिरुची. त्यांतले काय किती खरे याचा निवाडा बाजूला ठेवू. एवढे निश्चित की मधल्या काळात हा मनुष्य शरीराने आणि मनाने अतिशय खचला होता, आणि १८५५ साली त्याची दुसरी पत्नी ओलेंप पेलिसिए त्याला पॅरिसला घेऊन आली ती उपचारांसाठी. दोन वर्षांनी, एप्रिल १८५७ मध्ये, त्याने एकाच कवितेला सहा वेगवेगळ्या चाली लावून ती वही ओलेंपला तिच्या नामदिनी भेट दिली. आजारपणातल्या शुश्रूषेची ती पोच होती. इतक्या वर्षांनी लेखणी हलली ती नाट्यगृहाच्या मागणीवरून नव्हे, घरातल्या एका सणाच्या निमित्ताने. हा तपशील चरित्रग्रंथांत येतो, पण बहुधा ओझरता. आम्हांला तो मध्यवर्ती वाटतो.

१८ डिसेंबर १८५८ रोजी, नाताळाच्या आदल्या शनिवारी, त्याच्या घरच्या प्रसिद्ध शनिवार-संध्याकाळींना आरंभ झाला. आधी मोजक्या मंडळींचे जेवण, मग आणखी पाहुणे येऊन गाणे-वाजवणे. लिस्ट, गूनो, मायरबेअर, वयाने लहान असलेला सँ-साँस, चित्रकार ग्युस्ताव्ह दोरे असे लोक तिथे येऊन गेले. या पाहुण्यांसाठी रोसिनीने जे दीडशेच्या आसपास तुकडे लिहिले त्यांना त्याने स्वतःच नाव दिले ‘म्हातारपणची पापे’, आणि स्वतःला पदवी घेतली चौथ्या दर्जाच्या पियानोवादकाची.

खाण्याच्या बाबतीत तो विलक्षण चोखंदळ होता. इटलीत नाताळ ते नववर्ष या दिवसांत खाल्ला जाणारा मोदेनाचा झांपोने, म्हणजे डुकराच्या पायाच्या कातड्यात भरलेले सॉसेज, हा त्याचा जीव की प्राण. मॅकरोनीच्या नळ्यांत तो चांदीच्या पिचकारीने सारण भरी. (त्याच्या नावावर खपणाऱ्या पदार्थांच्या दंतकथा इतक्या आहेत की त्यांखाली संगीत गुदमरते, त्या आम्ही सोडून देतो.) पण हे सारे ताटापुरते राहिले नाही, ते वहीतही उतरले. ‘पापां’च्या एका खंडात चार तोंडीलावणी आहेत: मुळा, खारवलेले अँचोव्ही मासे, लोणच्याची काकडी आणि लोणी. त्यांच्या जोडीला ‘चार भिक्षेकरी’ आहेत: सुके अंजीर, बदाम, बेदाणे आणि हेझलनट. हे भिक्षेकरी म्हणजे भिक्षेवर जगणारे ख्रिस्ती संन्याशांचे चार पंथ. त्यांच्या झग्यांच्या रंगांवरून या सुक्या मेव्याला फ्रेंचांनी ते नाव दिले, आणि प्रोव्हान्स प्रांतात नाताळच्या आदल्या रात्रीच्या पानात हे चौघे असावेच लागतात. रोसिनीने बदामाच्या तुकड्याला मध्यरात्रीचे ठोके आणि यजमानिणीचा निरोप असे उपशीर्षक दिले. बेदाणे घरातल्या पोपटाला अर्पण केले, हेझलनट लाडक्या कुत्रीला. दुसऱ्या एका खंडाची सुरुवातच नववर्षाच्या शुभेच्छेने होते. त्यात आठ आवाज कोणत्याही वाद्याच्या साथीविना पेला उंचावतात. त्याच खंडात पुढे ‘नाताळची रात्र’ येते.

यावर गंभीर समीक्षकाचे उत्तर ठरलेले असते: ही गंमत आहे. गंमत आहेच. पण या ‘गंमती’तले स्वरसंबंध ऐकणाऱ्याला चकवतात; जी वळणे पुढच्या पिढीतल्या फ्रेंच संगीतात आपण नवी म्हणून वाखाणतो त्यांची चाहूल इथे कित्येकदा लागते. आणि हे धाडस शक्य झाले ते ऐकणारे पाहुणे होते म्हणून, असे आमचे म्हणणे आहे. तिकीट काढून आलेल्या श्रोत्याला काही सिद्ध करून दाखवावे लागते. जेवून तृप्त झालेल्या मित्राला नुसते दाखवले तरी चालते. विद्यार्थ्यांना आपण सांगतो की निकटचा श्रोता लेखकाला सुस्त करतो. रोसिनीच्या बाबतीत तो त्याला मोकळा करतो.

सँ-साँसने आपल्या आठवणींत एक प्रसंग लिहून ठेवला आहे. विशीतल्या त्या तरुणाची बासरी आणि क्लॅरिनेटसाठी लिहिलेली एक रचना रोसिनीने आपल्या बैठकीत वाजवायला लावली, मात्र कर्त्याचे नाव गुप्त ठेवले. पाहुण्यांनी ती यजमानाचीच समजली. मग रोसिनीने त्या तरुणाला जेवणघरात नेऊन शेजारी बसवले आणि त्याचा हात घट्ट धरून ठेवला. एकेक चाहता येऊन स्तुतीचे पाट वाहवू लागला. प्रत्येकाची स्तुती पुरती संपेपर्यंत म्हातारा थांबे आणि मग शांतपणे सांगे, मी सहमत आहे, पण रचना माझी नाही, या गृहस्थांची आहे. यात खोडसाळपणा आहे, नावाला भुलणाऱ्या रसिकतेची चेष्टा आहे, आणि त्यांहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या वाट्याची वाहवा दुसऱ्याच्या पानात वाढण्याची वृत्ती आहे. चांगला यजमान स्वतः शेवटी जेवतो. याच घरात अदेलिना पात्तीने त्याचेच गीत इतक्या ताना-मुरक्यांनी मढवून गायले, की हे कोणाचे गीत म्हणून त्याने तिला विचारले. तेव्हा आतिथ्याला मर्यादाही होती.

या सगळ्याचे शिखर मात्र एका प्रार्थनासंगीतात आहे. १८६३ साली पासी येथील उन्हाळी घरात त्याने ‘छोटा गंभीर मास’ लिहिला. तो छोटा नाही, आणि रूढ अर्थाने गंभीरही नाही. पुढच्या वर्षी मार्चमध्ये पॅरिसमधल्या एका परिचित कुटुंबाच्या नव्या घरात तो प्रथम गायला गेला. बारा गायक, दोन पियानो आणि एक हार्मोनियम एवढाच सरंजाम. हस्तलिखितात रोसिनीने देवाला उद्देशून चार ओळी लिहिल्या आहेत. बारा गायक म्हणजे लिओनार्दोच्या ‘अखेरचे भोजन’ या चित्रातले बारा शिष्य, असे तो म्हणतो, आणि आपल्या भोजनात ज्यूडास कोणी नसेल याची देवाला खात्री देतो. ख्रिस्ती परंपरेतल्या सर्वांत पवित्र जेवणाला त्याने आपल्या शनिवारच्या पंगतीशेजारी पाट मांडला, आणि विश्वासघाताची ती एक जागा पुसून टाकली. ज्यांना यात केवळ विनोद दिसतो त्यांनी त्या मासमधला अखेरचा ‘आग्नुस देई’ ऐकावा. खालच्या पट्टीतल्या स्त्रीस्वरात केलेली शांतीची याचना तिथे पुन्हा पुन्हा येते, आणि ती करणारा माणूस खचण्याचा अर्थ जाणून होता हे कळायला संगीतशास्त्र लागत नाही.

तरी या घराचे आम्ही निव्वळ गोडवे गाणार नाही. ही पंगत सर्वांना खुली नव्हती. तिचे आमंत्रण ही पॅरिसमधली एक प्रतिष्ठेची वस्तू होऊन बसली होती, आणि जेवायला कोण व नंतर नुसते ऐकायला कोण, हा पंक्तिभेद तिथेही होताच. जुन्या ऑपेरांचे उत्पन्न आणि फ्रेंच सरकारचे तहहयात वेतन पाठीशी होते म्हणूनच बाजाराकडे पाठ फिरवणे परवडले. आणि ओलेंप. बाल्झाकच्या परिचयातली, स्वतः एके काळी पॅरिसच्या दिवाणखान्यांत वावरलेली ही बाई घर चालवीत होती, पाहुण्यांची वर्दळ आवरीत होती, आजारी नवऱ्याला सांभाळीत होती. आठवणीकारांनी तिचे काय जपले? तर ती कंजूष होती. टेबलावर मांडलेल्या फळांपर्यंत पाहुण्यांचा हात पोचण्याआधीच तिला बरे वाटेनासे होई आणि सर्वांना उठावे लागे. किस्सा खरा असेलही. पण आठवड्यामागून आठवडे ज्या बाईला हिशेब ठेवावा लागतो तिच्या बाजूने तो कोणी सांगितलेला नाही. पाळणे आणि डोहाळे रचणाऱ्या आमच्या बायकांना समीक्षेने जशी एक सामूहिक, निनावी जागा दिली, तशीच ओलेंपला किश्श्यातली दिली.

शेवटची शनिवार-संध्याकाळ २६ सप्टेंबर १८६८ ची. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला रोसिनी पासीच्या घरी वारला. हयातीत त्याने ही ‘पापे’ छापू दिली नाहीत. मासला वाद्यवृंदाची जोड त्याने स्वतःच देऊन ठेवली, ती मागाहून दुसऱ्या कोणी येऊन आपले मोजके आवाज वाद्यांच्या गदारोळात बुडवू नयेत या धास्तीने. त्या रूपात तो १८६९ साली, त्याच्या पश्चात, सादर झाला. ‘पापां’त आगगाडीच्या सहलीवरचा एक तुकडा आहे. त्यात गाडी रुळांवरून घसरते, प्रवासी मरतात आणि अखेर वारसदारांच्या तीव्र दुःखाचे चित्र म्हणून एक आनंदी चाल वाजते. हस्तलिखितांच्या हक्कांची विक्री आणि लिलाव पुढे व्हायचाच होता. मालमत्तेचा मोठा भाग त्याने जन्मगाव पेसारोला संगीतशाळेसाठी ठेवला, आणि पॅरिसमध्ये वृद्ध गायकांच्या निवाऱ्याचीही तरतूद केली.

आज हे तुकडे सभागृहांत वाजतात, त्यांच्या उत्तम ध्वनिमुद्रिका आहेत, पेसारोच्या रोसिनी प्रतिष्ठानाने चिकित्सक आवृत्त्याही सिद्ध केल्या आहेत. नववर्षाच्या त्या शुभेच्छेसाठी आठ गायक काळ्या पोशाखात अर्धवर्तुळात उभे राहतात, समोरच्या अंधाराकडे पाहत गातात आणि टाळ्या घेऊन आत जातात. एकदा तरी त्यांना टेबलाभोवती, एकमेकांकडे तोंड करून बसवून पाहावे असे आम्हांला फार वाटते. टेबलावर अंजीर आणि बदाम असावेत, आणि फळांची थाळी हाताला येईल अशी ठेवावी.