चेहऱ्यावरील फिलर : जाणून घ्यावेत, टोचू नयेत

गेल्या काही वर्षांपासून आपल्या व्यवसायबंधूंकडे एका विशिष्ट प्रकारची निमंत्रणपत्रे वारंवार येऊ लागली आहेत. शनिवार-रविवार असे दोन दिवसांचे शिबिर, ओठ भरणे, गाल उचलणे, नाकाचा कणा उंच करणे यांची 'प्रात्यक्षिके', अखेरीस चौकटीत लावण्याजोगे प्रमाणपत्र आणि प्रवेशासाठी पात्रता म्हणून बी.ए.एम.एस. ही पदवी पुरेशी. या पत्रांना काय उत्तर द्यावे याविषयी आमचे मत प्रारंभीच नमूद करतो. केवळ आपल्या पदवीच्या व अशा शिबिराच्या बळावर कोणाही वैद्याने फिलर टोचू नयेत. मात्र फिलर म्हणजे काय, ते शरीरात कसे वागते आणि कोठे घात करते, हे प्रत्येक वैद्याने व औषधी दुकानदाराने समजून घेतलेच पाहिजे. कारण ते टोचून घेतलेले स्त्रीपुरुष आपल्याकडे अभ्यंगाला, नस्याला व जलौकावचरणाला येतच आहेत.

प्रथम एक गल्लत दूर करू. सर्वसामान्य लोक चेहऱ्यावरील प्रत्येक इंजेक्शनला 'बोटॉक्स' म्हणतात. बोटुलिनम टॉक्सिन हे स्नायूचे आकुंचन काही महिने रोखणारे औषध आहे. त्याने कपाळावरची आठी सैल पडते. फिलरचे कार्य याहून सर्वस्वी भिन्न आहे. तो त्वचेखाली नुसता जागा व्यापून बसतो. वयानुसार गालाखालील मेदाचे कोष आक्रसतात, जबड्याचे व गालाचे अस्थीही झिजतात आणि वरची त्वचा आधार सुटल्यासारखी लोंबते. सुश्रुताने मांसक्षयाच्या लक्षणांत गाल व ओठ यांची शुष्कता सांगितली आहे, ती वाचकांना स्मरत असेलच. ही गेलेली भर बाहेरून आणून घालणे, एवढाच फिलरचा उद्देश.

ही कल्पना नवी नाही. १८९३ साली जर्मनीत नॉयबर याने रुग्णाच्याच हाताचे मेद काढून चेहऱ्यातील खळगा भरला. त्यानंतर थोड्याच वर्षांत व्हिएन्नाच्या गेर्सुनी याने व्हॅसलिन-पॅराफिन टोचण्यास आरंभ केला आणि पाहता पाहता युरोप-अमेरिकेत त्याची लाट आली. पुढे त्या पॅराफिनच्या गाठी झाल्या, ते जागचे सरकले, व्रण पडले, चेहरे कायमचे विद्रूप झाले. विसाव्या शतकाच्या मध्यावर हीच कथा द्रवरूप सिलिकॉनच्या बाबतीत घडली. १९८१ मध्ये अमेरिकेत गोजन्य कोलॅजेनला मान्यता मिळाली. त्यास आधी त्वचापरीक्षा करावी लागे, कारण काहींना त्याचे असात्म्य होते. डिसेंबर २००३ मध्ये हायलुरॉनिक ॲसिडच्या पहिल्या फिलरला तेथे मान्यता मिळाली आणि आज जगात सर्वाधिक वापर याच वर्गाचा आहे. प्रत्येक पिढीला आपले द्रव्य निर्धोक वाटत आले आहे, हे या इतिहासात ठळकपणे दिसते.

हायलुरॉनिक ॲसिड हे आपल्या शरीराचेच द्रव्य. १९३४ मध्ये मायर व पामर यांनी ते बैलाच्या डोळ्यातील काचाभ द्रवातून वेगळे केले. सत्तर किलो वजनाच्या मनुष्यात ते सुमारे १५ ग्रॅम असते व त्यातील जवळजवळ एक तृतीयांश रोज मोडून नव्याने तयार होते. फिलरच्या एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ते साधारण २० मिलिग्रॅम, म्हणजे शरीरातील साठ्याच्या मानाने नगण्य. मग ते सहा महिने ते दीड वर्ष टिकते कसे? तर त्याचे धागे रासायनिक दुव्यांनी एकमेकांत गुंफून त्याचा घट्ट गर बनविलेला असतो. शरीरातील विकरांना तो सहजी तोडता येत नाही. म्हणून 'शरीरातलेच आहे, नैसर्गिक आहे' ही जाहिरात अर्धसत्य होय. या वर्गाची एक जमेची बाजू मात्र मान्य केली पाहिजे. हायलुरॉनिडेझ हे विकर टोचले असता तो गर विरघळतो. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपॅटाइट किंवा पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटच्या कणांचे जे फिलर असतात, त्यांना असा उतारा नाही.

आता मुख्य धोक्याकडे वळू. सूज, काळेनिळे डाग, थोडी असमानता हे किरकोळ व बहुधा आपोआप जाणारे उपद्रव आहेत. त्यांची चर्चा येथे करीत नाही. खरा अनर्थ होतो तो सुईचे टोक धमनीत शिरले असता. चेहऱ्याची धमनी ओठाच्या कोपऱ्यापासून नाकाच्या बाजूने वर चढते आणि नाकाच्या मुळाशी तिच्या शाखा नेत्रधमनीच्या शाखांना मिळतात. नेत्रधमनीचे मूळ मस्तिष्काला रक्त पुरविणाऱ्या अंतर्ग्रीवा धमनीत. भुवयांच्या मध्ये अथवा नाकाच्या कण्यावर सिरिंजचा दट्ट्या जोराने दाबला गेला, तर तो गर रक्ताच्या प्रवाहाविरुद्ध मागे नेत्रधमनीपर्यंत ढकलला जातो. दाब सुटताच प्रवाहाबरोबर पुढे जाऊन दृष्टिपटलाच्या धमनीत अडकतो. याला किती गर लागतो? भुवयांमधील वाहिनीपासून नेत्रगुहेच्या टोकापर्यंतची पोकळी शवांमध्ये मोजली गेली आहे; ती सरासरी एक दशांश मिलिलिटरहूनही कमी भरली. सिरिंज तर पूर्ण एक मिलिलिटरची असते.

दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटल्यानंतर साधारण तासा-दीड तासात होणारी हानी भरून येत नाही. २०१५ मध्ये जागतिक वैद्यकीय वाङ्मयातून अशा ९८ रुग्णांची नोंद एकत्र करण्यात आली. त्यांत सर्वाधिक रुग्णांना भुवयांच्या मध्ये आणि त्याखालोखाल नाकावर इंजेक्शन दिलेले होते. रुग्णाचेच मेद टोचल्याने दृष्टी गेलेल्यांची संख्या त्यांत हायलुरॉनिक ॲसिडवाल्यांहून अधिक होती, ही गोष्ट 'स्वतःचेच मेद, त्याची काय भीती' असे म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रक्तवाहिनीत फिलर जाण्याच्या धोक्याविषयी जाहीर इशारा दिला. असे प्रसंग विरळा आहेत हे खरे. परंतु ज्याची दृष्टी जाते, त्याला ती विरळा असल्याचे समाधान नसते. आणि ही सर्व जोखीम, लक्षात घ्या, एका निरोगी व्यक्तीच्या अंगावर आहे.

येथे आपल्या शारीरस्थानाची आठवण होणे साहजिक आहे. भ्रूमध्यातील स्थपनी मर्म, भुवईवरचे आवर्त, नेत्राच्या बाह्य कोपऱ्याजवळील अपांग, नासामार्गाच्या दोन्ही बाजूंचे फण. पैकी अपांग व आवर्त यांच्या आघाताने अंधत्व किंवा दृष्टीचा उपघात होतो, असे सुश्रुताने सांगितले आहे. स्थपनी व आवर्त येथील सिरा तर सिरावेधासाठी वर्ज्य ठरविल्या आहेत. सुश्रुताला नेत्रधमनीतील अवरोध ठाऊक होता, असे यावरून सिद्ध करू पाहणारी व्याख्याने आम्ही ऐकली आहेत; तसे म्हणणे ओढाताणीचे आहे. पण चेहऱ्याच्या ज्या जागी शस्त्र नेताना त्याने हात आखडावयास सांगितला, त्यांत आजही सर्वाधिक घात होणारी जागा आहे, इतके म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

शिबिरांचे समर्थक याच सुश्रुताचे नाव दुसऱ्या कारणासाठी घेतात. संधानकर्माचा जनक आपला, तेव्हा चेहऱ्यावर काम करण्याचा वारसाहक्कही आपलाच, असा हा युक्तिवाद. त्यांनी सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय व विशिखानुप्रवेशनीय हे लागोपाठचे दोन अध्याय पुन्हा एकदा उघडावेत. पहिल्यात सर्व शास्त्र शिकलेल्या शिष्याकडूनही कोहळा, दुध्या, चामड्याच्या पिशव्या, मृत पशूंच्या सिरा यांवर छेदन-वेधनाचा सराव करून घेण्याची आज्ञा आहे. दुसऱ्यात, इतके झाल्यावरही राजाची अनुज्ञा मिळाल्याखेरीज व्यवसायात उतरू नये, असे सांगितले आहे. पुण्यात झालेल्या नासासंधानाचे वर्णन १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आले. ते वाचून कार्प्यू या शल्यविशारदाने शवांवर सराव केला आणि मगच १८१४ मध्ये जिवंत रुग्णाच्या नाकाला हात लावला. दोन दिवसांत प्रमाणपत्र देणाऱ्यांच्या तुलनेत हा इंग्रजच सुश्रुताचा खरा शिष्य म्हणावा लागेल.

आजच्या काळात राजाची अनुज्ञा म्हणजे कायदा. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली आपल्याला आधुनिक औषधे वापरण्याची जी मुभा आहे, ती घेतलेल्या शिक्षणाच्या मर्यादेतली आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली ५८ शस्त्रकर्मांची यादी शल्य व शालाक्य या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी होती, बी.ए.एम.एस. पदवीधराला तिचा आधार घेता येत नाही. १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात, ज्या पद्धतीचे शिक्षण नाही त्या पद्धतीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केशरोपणाविषयी मार्गदर्शन करताना, कार्यशाळेत वा पडद्यावर पाहून घेतलेले ज्ञान सौंदर्यकर्मांसाठी पुरेसे नाही, हे खुद्द एम.बी.बी.एस. पदवीधरांनाही बजावले. उद्या दुर्दैवाने कोणा रुग्णेचा डोळा गेला, तर शिबिराचे आयोजक साक्षीला येणार नाहीत.

आता आपल्या नित्य व्यवहाराचा भाग, आणि आमच्या दृष्टीने हाच अधिक महत्त्वाचा. आमच्याकडे नस्यासाठी आलेल्या एका रुग्णेच्या गालाला स्नेहन करीत असता परिचारिकेच्या बोटांना वाटाण्याएवढ्या दोन गाठी लागल्या. इतिहास घेताना 'काही इंजेक्शन, शस्त्रक्रिया?' या प्रश्नाला तिने नाही म्हटले होते. पुन्हा खोदून विचारता आठ महिन्यांपूर्वी गाल भरून घेतल्याचे कळले. 'तो आजार नव्हता, ब्युटीसाठी होतं, म्हणून सांगितलं नाही,' हे तिचे उत्तर. तिच्या दृष्टीने ते रास्तच होते. म्हणून प्रश्नच निराळा विचारला पाहिजे: चेहऱ्यावर, ओठांवर सौंदर्यासाठी काही टोचून घेतले आहे काय, केव्हा, कोठे आणि कोणते?

टोचल्यानंतरचे निदान दोन आठवडे मुखाभ्यंग, वाफ, नाडीस्वेद व नस्याचे पूर्वकर्म टाळावे. मर्दनाने गर सरकू शकतो व उष्णतेने सूज वाढते. महिन्यांनंतर उद्भवणाऱ्या गाठी 'ग्रंथि' समजून त्यांवर उपनाह बांधणे किंवा गुग्गुळकल्पांवर रुग्णास महिनोन्‌महिने ठेवणे योग्य नव्हे. अशा गाठीत कधी जंतूंचा चिवट थर दडलेला असतो, कधी ती शरीराची प्रतिक्रिया असते. ताप, दातांचे काम किंवा लसीकरण यांनंतरही फिलरची जागा अचानक सुजू शकते. डिसेंबर २०२० मध्ये मॉडर्नाच्या कोविड लसीच्या चाचणीतील अशा मोजक्या व्यक्तींची नोंद झाली होती. या रुग्णांना टोचणाऱ्या तज्ज्ञाकडे किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. फिलर घेण्याच्या बेतात असलेली रुग्णा लशुनाचे कल्प घेत असेल, तर ते तिने त्या तज्ज्ञांना सांगावे, म्हणजे रक्तस्रावाचा विचार होईल.

जलौकांविषयी विशेष सांगावयाचे आहे. जळवेच्या लाळेत हायलुरॉनिडेझ जातीचे विकर असते, हे वाचून काही उत्साही मंडळी 'फिलर बिघडला तर जळू लावा' असा निष्कर्ष काढतात. विकराचे नाव सारखे म्हणून मात्रा, जागा व खोली सारखी होत नाही. धमनी अडल्यावर मोठ्या मात्रेत, पुन्हा पुन्हा, त्या जागी टोचलेले हायलुरॉनिडेझ लागते आणि तेही वेळेत. जळवेच्या अन्नमार्गात एरोमोनास हा जंतू नांदत असतो. फिलरच्या जागी तिचा दंश म्हणजे परक्या द्रव्यापाशी जंतूंना दार उघडून देणे होय.

औषधी दुकानदार बंधूंना दोन गोष्टी सांगतो. सुईविना दाबाने फिलर आत सोडणारी 'हायलुरॉन पेन' नावाची लेखणी ग्राहक मागू लागले आहेत. अमेरिकेच्या प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्येच तिच्याविरुद्ध इशारा दिला. सुई नसली तरी दाब आहे आणि त्या दाबावर कोणाचाही ताबा नाही. ती किंवा फिलरच्या सुट्या सिरिंज दुकानात ठेवू नयेत. दुसरे, हायलुरॉनिक ॲसिड घातलेली मलमे विकण्यास हरकत नाही. ती त्वचेला ओलावा देतात. पण 'इंजेक्शनाविना फिलर' असे सांगून ती विकू नयेत. तसेच आपल्या कुंकुमादि तैलाने व मुखलेपांनी वर्ण सुधारतो, रुक्षता जाते. आक्रसलेला मेदाचा कोष त्यांनी भरत नाही. हे ग्राहकाला स्वच्छ सांगितले तर गिऱ्हाईक तुटते असा आमचा अनुभव नाही.

फिलर घेणाऱ्या स्त्रियांना हिणविण्याची जी रीत आपल्यातील काहींना आहे, तीही सोडावी. हिणवलेली रुग्णा पुढच्या खेपेस खरे सांगत नाही.

संघटनेकडे आमची मागणी माफक आहे. प्रत्येक केसपेपरवर वरील प्रश्नाचा एक रकाना छापावा. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील, हायलुरॉनिडेझ जवळ ठेवणाऱ्या त्वचारोगतज्ज्ञांचे व नेत्रतज्ज्ञांचे दूरध्वनी क्रमांक सभासदांना कळवावेत. आणि टोचल्यानंतर असह्य वेदना, त्वचा पांढरी पडणे, जाळीदार निळसर डाग किंवा दिसण्यात किंचितही फरक यांपैकी एक जरी लक्षण घेऊन कोणी आले, तर लेप, काढा, उद्या पाहू, यांपैकी काहीही न करता त्याच क्षणी त्या क्रमांकावर फोन करावा व रुग्णाला वाहनात बसवावे.