सभेत गप्प बसणाऱ्यांसाठी

मंडळी, सोसायटीच्या सभा या विषयावर बरेच दिवस लिहायचं होतं. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलं की सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी असं सहकार कायदा सांगतो. चौदा दिवस आधी नोटीस लागते. कोरम झाला नाही की अर्धा तास तहकुबी, आणि मग त्याच खुर्च्यांवर तीच माणसं घेऊन सभा पुन्हा सुरू! हे सगळं पोटनियमांत आहे. जमलेल्या माणसांना बोलतं कसं करायचं, हे मात्र कुठल्याच पोटनियमात सापडत नाही.

आमची सोसायटी चोवीस बिऱ्हाडांची. गेली काही वर्षं सेक्रेटरीपण माझ्याकडे आहे. या काळात माझं एक मत अगदी पक्कं झालंय. सभा चालवणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे न बोलणाऱ्यांसाठी जागा राखणं. बाकी सगळं त्याच्यानंतर.

कारण साधं आहे. चोवीसातली चार-पाच माणसं नेहमीच बोलतात. त्यांचं काय म्हणणं आहे ते आपल्याला जिन्यातच कळलेलं असतं. मग सभा कशाला घ्यायची? तर उरलेल्या एकोणीसांच्या मनात काय आहे ते कळावं म्हणून.

पुनर्विकासाचा विषय निघाला तेव्हा आम्ही एक ठरवलं. आधी एक फेरी. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, मध्ये कोणी तोंड घालायचं नाही, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय कोणालाही दुसऱ्यांदा बोलायला मिळणार नाही. 'मला काही बोलायचं नाही' असं म्हणायची मुभा होतीच. कार्पेट एरिया, भाडं, पार्किंग यावर जोरदार भाषणं झाली. मग तळमजल्यावरच्या काकूंची पाळी आली. त्या एकट्या राहतात, पेन्शनवर. इतक्या वर्षांत सभेत त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, "नव्या इमारतीत दोन लिफ्ट, पंप, वॉचमन... महिन्याचा मेंटेनन्स किती येईल हो? मला तो झेपेल का?"

सगळे गप्प. जागा किती वाढणार याचा हिशेब प्रत्येकाने केला होता, तिथे राहायला महिन्याला किती लागेल याचा कोणीच नाही. त्या दिवशी ठराव झाला नाही. आधी मेंटेनन्सचा अंदाज आणि त्यासाठी किती कॉर्पस मागायचा, हे काढायचं ठरलं. फेरी नसती तर काकू नेहमीप्रमाणे सही करून घरी गेल्या असत्या.

आमचे मामा हे वाचून म्हणणार, "अरे, एवढे नियम पाळायला ती काय लोकसभा आहे?" मामा, हा नियम माझा नाहीच. अमेरिकेच्या सैन्यात हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाचा एक इंजिनिअर होता. १८६३ साली न्यू बेडफर्ड गावी एका सभेचं अध्यक्षपद अचानक त्याच्या गळ्यात पडलं, आणि सभेचा पार बोऱ्या वाजला. मग त्याने सभांचे नियम गोळा करून १८७६ मध्ये 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर' हे पुस्तक काढलं. एकदाही न बोललेला माणूस बोलू इच्छित असेल, तर त्याच विषयावर दुसऱ्याला दुसरी संधी नाही, हे त्यात आहे. मोठ्या सभेत अध्यक्षाने खुर्चीवर बसून वादात उतरू नये, हेही आहे. आपलं मत अगदीच आवरत नसेल तर खुर्ची दुसऱ्याला द्यावी आणि खाली येऊन बोलावं. खुर्चीचं वजन मताला मिळालं की पुढचे निम्मे लोक माना डोलावू लागतात.

दुसरा धडा आपल्याच गडचिरोलीतला. मेंढा (लेखा) या गावाची ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला तो उगाच नाही. मला त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे अभ्यासगट. विषयाची चर्चा तिथे निवांत करायची. निर्णय मात्र ग्रामसभेतच घ्यायचा. आपण नेमकं हे दोन्ही एका रविवारच्या दीड तासात कोंबतो, चहा थंड व्हायच्या आत! त्यामुळे मोठा विषय असेल तर एक बैठक फक्त बोलण्यासाठी घ्यावी. हात वर करायचेच नाहीत म्हटल्यावर माणसं मोकळी होतात.

बाकी बारीकसारीक गोष्टी. नोटिशीत 'पार्किंगबाबत चर्चा' असं लिहू नये, 'दुसऱ्या गाडीला महिन्याला किती आकारायचे?' असं लिहावं. प्रश्न दिसला की लोक उत्तर घेऊन येतात. 'आयत्या वेळचे विषय' ऐकून जरूर घ्यावेत, पण त्यावर तिथल्या तिथे ठराव करू नये. जो आला नाही त्याच्यावर तो अन्याय आहे. 'तुम्ही मागच्या वर्षी...' असं वाक्य सुरू झालं की ते तिथेच थांबवावं, आणि सभेनंतर त्या गृहस्थांशी एकट्याने, शांतपणे बोलावं. चारचौघांत टोकलेला माणूस आयुष्यभर लक्षात ठेवतो.

आणि इतिवृत्तात विरोधी मत कारणासकट लिहावं. 'ठराव बहुमताने मंजूर' एवढंच लिहिलं की हरलेल्या माणसाला वाटतं, आपण तिथे नव्हतोच. त्याचं म्हणणं दोन ओळींत नोंदवलं तर तो पुढच्या सभेला येतो. एकाच जिन्याने रोज वर-खाली करायचं असतं, एकमेकांकडे न बघता किती दिवस करणार?

असो. तुमच्याकडे गप्प बसणाऱ्यांना कसं बोलतं करतात? काही युक्ती असेल तर सांगा, पुढच्या सभेत वापरून बघेन.