साम्राज्याचा संपादक

१६०७ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या तिसऱ्या सफरीची जहाजे अटलांटिक महासागरात रखडली होती. वारा उलटा, गोडे पाणी संपत आलेले, खलाशी आजारी. इंग्लंडला परत फिरावे असा सूर निघू लागला. तेव्हा सफरीचा प्रमुख विल्यम कीलिंग याने जहाजावरच्या एका जाडजूड ग्रंथातले सिएरा लिओनचे वर्णन काढून वाचले आणि जहाजे तिकडे वळवली. तिथे पाणी आणि ताजे अन्न मिळाले, माणसे सावरली. त्याच ताफ्यातले ‘हेक्टर’ जहाज पुढच्या वर्षी कंपनीच्या विल्यम हॉकिन्सला घेऊन सुरतेला लागले. या ग्रंथाने कंपनीचे २०,००० पौंड वाचवले, असे तिचा गव्हर्नर सर टॉमस स्मिथ सांगत असे. ग्रंथाचा कर्ता होता रिचर्ड हॅक्लुट, सफोकमधल्या वेदरिंगसेट गावच्या चर्चचा पाद्री. तो स्वतः पॅरिसच्या पलीकडे कधी गेला नव्हता.

हॅक्लुटविषयी दोन मते प्रचलित आहेत. एक त्याला सच्चा संग्राहक मानते, दुसरे साम्राज्याचा भाट. ही दोन्ही विशेषणे एकमेकांना छेद देतात, असे दोन्ही बाजू धरून चालतात आणि मला चूक दिसते ती तिथेच. हॅक्लुट इंग्लंडच्या विस्ताराच्या कामी आला तो खोटे लिहिले म्हणून नव्हे. त्याच्या नोंदींवर जहाज हाकता येत असे, म्हणून. कवीची स्तुती दरबारात पुरते. भर समुद्रात वाऱ्याची दिशा, नांगराची जागा आणि किनाऱ्यावर काय मिळेल हे नेमके ठाऊक असावे लागते.

या नेमकेपणासाठी त्याने घेतलेले कष्ट विलक्षण आहेत. ऑक्सफर्डला शिकताना त्याने धर्मशास्त्राच्या जोडीने भूगोलाचा ध्यास घेतला. तिथल्या शिक्षणासाठी त्याला लंडनच्या कापड-व्यावसायिकांच्या संघाकडून विद्यावेतन मिळत होते. परदेशी बाजारपेठांची गरज या संघाइतकी फार थोड्यांना असेल, हे ध्यानात ठेवलेले बरे. पुढे ‘प्रिन्सिपल नॅव्हिगेशन्स’ हा त्याचा तोच ग्रंथ १५८९ मध्ये एका खंडात निघाला आणि १५९८ ते १६०० या काळात वाढून तीन खंडांचा, सुमारे १७ लाख शब्दांचा झाला. जगाचे सरसकट वर्णन करणारे ऐकीव ग्रंथ त्याला नकोसे वाटत. ज्याने पाहिले त्यानेच सांगावे, हा त्याचा दंडक. १५३६ च्या एका फसलेल्या उत्तर अमेरिका सफरीतून वाचलेला एकच माणूस हयात आहे असे कळताच, त्याच्या तोंडून हकिगत ऐकण्यासाठी तो दोनशे मैल गेला. मँडेव्हिलच्या नावावरचे अद्भुत प्रवासवर्णन पहिल्या आवृत्तीत होते, दुसऱ्या आवृत्तीतून ते त्याने गाळले.

मराठी वाचकाच्या ओळखीचा एक माणूसही या ग्रंथात भेटतो. ‘क्रिस्तपुराण’ रचणारा फादर स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरला आणि नोव्हेंबरात त्याने लंडनमधल्या आपल्या व्यापारी वडिलांना पत्र लिहिले. लिस्बनहून निघालेली पाच जहाजे, समुद्रावर रेखांश ठरवण्याची अडचण, हिरड्या सुजवणारा रोग, जमीन जवळ आल्याच्या खुणा असे सगळे त्यात आहे. स्टीफन्स जेझुइट होता. जेझुइट धर्मगुरूने इंग्लंडमध्ये नुसते राहणेही १५८५ च्या कायद्याने राजद्रोह ठरले होते. तरी अँग्लिकन हॅक्लुटने त्याचे पत्र छापले. याला सहिष्णुता म्हणण्याचा मोह होतो, पण पोर्तुगीजांनी जपून ठेवलेल्या मार्गाची माहिती देणारा इंग्रज दुसरा कुठे मिळणार होता? (ज्या १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ रायतूरला छापून निघाले, त्याच साली हॅक्लुट वारला. दोघांची भेट झाल्याचा पुरावा नाही आणि पत्राच्या त्या उपयोगाचा स्टीफन्सला पत्ता असेल असे वाटत नाही.)

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा की, हॅक्लुट नुसता संकलक. दुसऱ्यांच्या लिखाणाचे श्रेय किंवा दोष त्याला का द्यावा? पण निवड हेच त्याचे लेखन आहे. स्पेनमधल्या कादिझवरच्या १५९६ च्या स्वारीचा वृत्तान्त त्याने पहिल्या खंडात घातला आणि स्वारीच्या सेनानींपैकी अर्ल ऑफ एसेक्सवर राणीची मर्जी खप्पा झाल्यावर तो काढून टाकण्यात आला. ग्रंथाची पाने सत्तेकडे पाहून हलत होती. जॉन हॉकिन्स या दर्यावर्दीने आफ्रिकेतून माणसे पकडून कॅरिबियन प्रदेशात विकली, त्या सफरींची वर्णनेही ग्रंथात आहेत, इतर व्यापारी सफरींच्याच रांगेत. त्यांतही कुठे आडपडदा नाही. हकिगत खरी आहे, म्हणूनच तिच्यावर न थबकणारा पाद्री अधिक खटकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १६०० चे इंग्लंड म्हणजे स्पेनच्या धाकात जगणारे छोटे राज्य. प्लासीनंतरचा चष्मा लावून हॅक्लुटला का जोखायचे? चष्मा काढून ठेवू. तो मनात काय योजत होता हे १५८४ मध्ये त्याने राणी एलिझाबेथला दिलेल्या टिपणातच वाचता येते. अमेरिकेत वसाहती का कराव्यात याची २१ प्रकरणांची ती मांडणी होती. पहिले प्रकरण धर्मप्रसाराचे आहे. पण पुढे बेकारांना काम, कापडाला गिऱ्हाईक, स्पेनच्या उत्पन्नाला खीळ असा हिशेब सुरू होतो, तेव्हा पाद्री मागे पडून व्यापारी संघांचा सल्लागार बोलू लागतो. हे टिपण छापले गेले ते थेट १८७७ मध्ये. म्हणजे छापून घेतले ते सर्वांना उपयोगी पडणारे साहित्य, आणि योजना मात्र राणीच्या हाती गुपचूप दिली. हा माणूस हेतूबद्दल भाबडा नव्हता. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन होताना पूर्वेकडे मसाले कुठे पिकतात, व्यापार कुठे करता येईल याची टिपणे त्यानेच पुरवली. १६०१ मध्ये कंपनीने सल्ल्याबद्दल १० पौंड आणि तीन नकाशांचे ३० शिलिंग त्याला मोजले. १६०६ साली व्हर्जिनियाची सनद निघाली, तेव्हा लंडनच्या बाजूने नावानिशी उल्लेखलेल्या चौघांत दर्यावर्दी आणि सैनिकांच्या बरोबरीने हा पाद्रीही होता.